रायबा, रैबा आणि रायब्या

आमच्या ऑफिसात मध्यंतरी एक एक्सेल शीट फिरत होती. प्रोजेक्टची नाही, बाळाच्या नावांची. माझ्या शेजारी बसणारा मित्र बाबा होणार होता. तो मूळचा पोलादपूर तालुक्यातला, उमरठच्या बाजूच्या एका वाडीतला. बायको महाडची. दोघंही आता ठाण्यात सेटल. शीटमध्ये कॉलम होते... नाव, अर्थ, अक्षरं किती, स्पेलिंग, 'युनिक आहे का?' आणि सगळ्यात शेवटी 'क्लाएंटला म्हणता येईल का?'

हसू नका. गेल्या काही वर्षांत ज्यांच्या घरी पाळणा हलला, त्या सगळ्यांनी ही शीट केलेली असते. कुणी एक्सेलमध्ये, कुणी मनातल्या मनात.

तर फिल्टर लागायला सुरुवात झाली. अद्वैत बाद, कारण वर्गात तिघं निघतील. विहान बाद, सोसायटीत ऑलरेडी दोन आहेत. 'ळ' असलेली सगळी नावं बाद, कारण क्लाएंट. 'ज्ञ' असलेली बाद, कारण दिल्लीची टीम त्याचं 'ग्य' करते. चुलत भावाच्या मुलाच्या नावाशी यमक जुळणारी बाद, कारण घरचं पॉलिटिक्स. दीडशे नावांची यादी चाळून झाल्यावर खाली एकच नाव उरलं.

रायबा.

तानाजी मालुसऱ्यांचा रायबा. ज्याचं लग्न तोंडावर असताना बाप कोंढाण्याच्या मोहिमेवर निघून गेला, तो. चौथीच्या इतिहासात आपण सगळ्यांनी ज्याच्यासाठी डोळे पुसलेत, पण ज्याचं नाव कुणी स्वतःच्या पोराला ठेवलेलं फारसं ऐकलं नव्हतं, तो. "आमच्या मातीतलं नाव आहे," मित्र म्हणाला. "उमरठला तानाजीची समाधी आहे. लहानपणापासून बघतोय. दोन दणके आहेत नावात... राय, बा. संपलं. यात चुकण्यासारखं काय आहे?"

यात चुकण्यासारखं काय आहे, हे पुढच्या तीन महिन्यांत आम्ही सगळ्यांनी बघितलं.

पहिला नंबर एचआरचा. मेडिक्लेममध्ये बाळाचं नाव घालायचं होतं. मित्रानं स्पेलिंग दिलं, आर-ए-आय-बी-ए. पलीकडची मुलगी म्हणाली, "ओह, रैबा! सो स्वीट. मुलगी का?" मग त्यानं आय काढून वाय घातला. आर-ए-वाय-बी-ए. क्लाएंट कॉलवर अमेरिकेतला मॅनेजर म्हणाला, "काँग्रॅट्स! हाऊ इज रेबा?" म्हणजे बाळाचा एकदम गॉगल झाला, 'रे-बॅन'चा सख्खा भाऊ. तिसऱ्या प्रयत्नात मध्ये एक जास्तीचा ए आला, तर बंगळूरच्या टीमनं त्याला प्रेमानं 'रायाबा' केलं. कॉफी शॉपमध्ये मित्रानं मुद्दाम स्वतःच्या नावाऐवजी मुलाचं नाव सांगून बघितलं. कपावर आलं 'राहिबा'. तो कप त्यानं धुऊन डेस्कवर ठेवलाय, पेनं ठेवायला.

आता हा दोष कुणाचा? एचआरच्या मुलीचा नाही. अमेरिकन मॅनेजरचाही नाही. रोमन लिपीत आपलं नाव गेलं की ते वाचणाऱ्याच्या ताब्यात जातं, एवढाच त्याचा अर्थ. महाडचंच बघा ना. इंग्रजीत लिहिलेलं महाड बाहेरचा माणूस 'महाद' वाचतो. रायगडचा कुरिअर पत्ता नीट नसेल तर छत्तीसगडातल्या रायगढला निघतो. 'ड' आणि 'ढ' मधला फरक आपल्याला कानात ऐकू येतो, कॉम्प्युटरला नाही.

आणि आपली देवनागरी तरी कुठे सगळं सांगते? 'चंद्र' आणि 'चांदणं' या दोन शब्दांत 'च' एकच लिहितो, पण म्हणताना दोन वेगळे म्हणतो. 'जगदीश' मधला 'ज' वेगळा, 'जगणं' मधला वेगळा. हे लिपीत कुठेही लिहिलेलं नसतं. आपल्याला ते कुणीतरी कानात घातलेलं असतं. आईनं, आजीनं, शेजारच्या काकूंनी. तात्पर्य काय, तर नावाचा उच्चार कागदावर राहत नाही. तो माणसांच्या तोंडात राहतो. ती माणसं सोबत असतील तोवर टिकतो, नाहीतर नाव तेच राहून आवाज बदलतो.

कधीकधी तो बदललेला आवाजच पुढे खरा होतो. आपला सचिन घ्या. रमेश तेंडुलकर हे सचिनदेव बर्मन यांचे चाहते, म्हणून मुलाचं नाव सचिन. पण बंगालीत ते लिहितात 'श'नं, आणि म्हणतात जवळजवळ 'शोचिन'. मराठी घरात येईपर्यंत श चा स झाला, ओ गेला, आणि जे उरलं ते अख्ख्या वानखेडेनं एका सुरात ओरडून पक्कं केलं. आता कुणा बंगाली माणसानं येऊन "तुमचं चुकतंय" म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का?

तानाजींच्या नावाची गंमत तर अगदी अलीकडची. ओम राऊत दिग्दर्शित, अजय देवगणचा सिनेमा आधी 'तानाजी' नावानं जाहीर झाला होता. २०१९ मध्ये नाव बदलून 'तान्हाजी' झालं आणि २०२० च्या जानेवारीत तो त्याच नावानं लागला. तान्हाजी म्हणजे तान्हा अधिक जी. आईच्या कुशीतल्या तान्ह्याला मोठेपणाचं 'जी' लावलेलं. मराठी माणसाला 'तान्हा' म्हटलं की बाळ दिसतं. पण इंग्रजी पोस्टर वाचणाऱ्या हिंदी पब्लिकला काय दिसलं? 'तनहा'जी. एकटे जी! पाचशे मावळे घेऊन गड चढणारा माणूस एका स्पेलिंगमुळे गझलेतला विरही झाला. आमच्या ऑफिसात त्यावर महिनाभर वाद चालला होता... तानाजी खरं की तान्हाजी? आणि ज्या गावात त्यांची समाधी आहे, तिथल्या माणसांना कुणी विचारायलाच गेलं नव्हतं.

आम्ही गेलो. बारशाला.

बारसं म्हणजे खरं तर बाराव्या दिवशी. पण आता ते लाँग वीकेंड बघून होतं. तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन दोन गाड्या भल्या पहाटे ठाण्याहून निघाल्या. पनवेल, पेण, कोलाडला मिसळ, माणगावचं ट्रॅफिक, मग महाड, आणि सावित्री ओलांडून पुढे पोलादपूर. तिथून एक रस्ता आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढतो, दुसरा कशेडीकडे जातो. आम्ही मुख्य रस्ता सोडून आत वळलो आणि मोबाइलची रेंज गेली. अर्ध्या गाडीला विथड्रॉवल सुरू झाले.

वाडीत मांडव घातलेला. पाळणा सजवलेला. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देऊन-घेऊन झालं. आत्यानं कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. घुगऱ्या वाटल्या गेल्या. बारशाला येणाऱ्यांपैकी निम्म्या बायका नाव ठेवायला येतात आणि निम्म्या नावं ठेवायला, असं म्हणतात. पण इथे नावं ठेवायला जागाच नव्हती. 'रायबा' म्हटल्यावर एकाही माणसानं "काय? परत सांग" म्हटलं नाही. स्पेलिंग कुणी विचारलं नाही. पहिल्या फटक्यात सगळ्यांच्या तोंडी अचूक रायबा. मित्राचा चेहरा असा खुलला की विचारू नका. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या मुलाला सगळ्यांनी त्याच्या नावानं हाक मारली होती.

हा आनंद साधारण वीस मिनिटं टिकला.

मित्राची आजी, वय ऐंशीच्या पुढे, पाळण्याशी आली. बाळाच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली आणि म्हणाली, "काय रं रायब्या, आलास का गावाला?"

मित्राची बायको एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आजी, रायबा म्हणा ना. एवढं छान नाव ठेवलंय."

"मग मी काय म्हनले?" आजीला खरंच कळलं नाही. "रायब्याच म्हनले ना!"

संध्याकाळपर्यंत अख्खी वाडी रायब्या म्हणत होती. "रायब्या झोपला का?" "रायब्याला दृष्ट काढा." सुनेचा चेहरा उतरत चाललेला. सासूबाई मध्ये पडल्या, "अगं, लाडानं म्हणतात. ह्याला नाही का सगळे अजून..." आणि त्यांनी माझ्या मित्राचं, म्हणजे आमच्या सीनिअर प्रोजेक्ट मॅनेजरचं, वाडीतलं नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. अप्रेझल जवळ आलंय.

वरवर बघितलं तर किस्सा इथेच संपतो. शहरातली सून, गावातली आजी, सगळ्यांनी हसायचं आणि जेवायला बसायचं. पण सुनेला काहीतरी टोचलं होतं, आणि ते केवळ 'क्यूट नाव बिघडलं' एवढंच नव्हतं. ते काय होतं, हे कळायला दुसऱ्या दिवशी महाडला, तिच्या माहेरी जावं लागलं.

त्याआधी थोडं व्याकरण. घाबरू नका, पाच ओळींचंच आहे.

मराठीत नाव एकटं फिरत नाही. त्याला शेपूट लागतं. 'राय' म्हणजे राजा. रायगडातही तोच राय आहे. त्याला 'बा' लागलं की रायबा. विठोबा, खंडोबा, तुकोबा, शिवबा... 'बा' म्हणजे बाप, वडीलधारा. त्यात माया आहे आणि मानही. 'जी' लावलं की मान वाढतो. शहाजी आणि शरीफजी या भोसले बंधूंची नावं नगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली गेली, असं सांगतात. म्हणजे तेव्हाही कुणीतरी पाळण्यापाशी उभं राहून एक अनोळखी, वेगळ्या भाषेतलं नाव निवडलं आणि त्याला आपलं 'जी' जोडून घरचं केलं. 'राव' आणि 'पंत' लावलं की कचेरीचा वास येतो. आणि 'या' लावलं की... गण्या, राम्या, पक्या. दोस्तीत चालतं, लाडात चालतं. नोकराला हाक मारतानाही शतकानुशतकं चालत आलं.

तर महाड. मित्राच्या सासऱ्यांचे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, चवदार तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर राहतात. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. बाळाला बघायला ते आले होते. चहा घेता घेता सुनेनं हसत हसत कालची गोष्ट सांगितली. गुरुजी हसले नाहीत.

"माझ्या आज्याचं नाव धोंडू," ते म्हणाले. "आधीची दोन पोरं गेली होती. म्हणून धोंडू. यमानं बघितलं तर त्याला वाटावं, दगडच आहे, कशाला न्यायचा."

हे आपल्याकडे सगळ्या जातींत होतं, हे त्यांनीच सांगितलं. दगडू, धोंडू, केरू, भिकू... मूल वाचावं म्हणून मुद्दाम ठेवलेली नावं. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. १८५७ चे नानासाहेब पेशवे, त्यांचंही नाव धोंडोपंत.

"दगड तोच," गुरुजी म्हणाले. "पण त्यांच्या दगडाला पंत लागले. माझ्या आज्याच्या दगडाला 'या' लागला. धोंड्या. गावातलं दहा वर्षांचं पोरगंसुद्धा त्याला धोंड्या म्हणायचं. साठीच्या म्हाताऱ्याला. आणि त्यानं त्या पोराला काय म्हणायचं? जी मालक."

खोलीत कुणी बोललं नाही. बाळ तेवढं झोपेत चुळबुळत होतं.

मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही लिहिता ना? मग सांगा, इथं २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, त्यात बारशाचापण नियम होता, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. चवदार तळं माहीत होतं. २० मार्च १९२७, ओंजळभर पाणी, शाळेत वाचलेलं. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद आणि मनुस्मृतीचं दहन, तेही माहीत होतं. पण त्या पुस्तकात नावांबद्दल काही असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. घरी येऊन बघितलं. दुसऱ्या अध्यायात आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं. आणि शूद्राचं? ऐकताच तिरस्कार वाटावा असं. पाठोपाठ मुलींच्या नावांचाही नियम आहे. म्हणायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट, मनाला आवडणारं, शेवटचा स्वर दीर्घ. म्हणजे आमच्या मित्राच्या एक्सेल शीटचे निम्मे कॉलम! फरक इतकाच की तिथे 'क्लाएंट' वेगळा होता.

म्हणजे 'कुणाला कोणत्या नावानं हाक मारायची' हा प्रश्न महाडला कधीच नुसता लाडाचा नव्हता. कुणी कोणत्या तळ्याचं पाणी प्यायचं, त्याच्याच शेजारचा तो प्रश्न होता.

गुरुजींच्या घरी पुढे काय झालं? तेच, जे महाराष्ट्रातल्या हजारो घरांत झालं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं आणि त्यानंतरच्या पिढ्यांच्या पाळण्यांत नवी नावं आली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा. धोंडूच्या पणतूचं, म्हणजे गुरुजींच्या मोठ्या मुलाचं नाव मिलिंद.

आता या मिलिंदची कथा ऐकाच, कारण उच्चाराच्या बाबतीत याच्यावर कडी नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाचा ग्रीक राजा होता. नागसेन या बौद्ध भिक्षूशी त्याचा संवाद झाला, असं परंपरा सांगते. तो 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. पाली बोलणाऱ्यांच्या तोंडात मिनँडर बसेना, त्याचा मिलिंद झाला. म्हणजे कुणा एचआरवाल्यानं केलेली चूकच म्हणा ना, पण दोन हजार वर्षं टिकलेली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, काढलेल्या कॉलेजला पुढे याच राजाचं नाव मिळालं. गंमत पुढेच आहे. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. त्यामुळे त्याच काळात दादर-पुण्याच्या घरांतही भुंग्यावरून मिलिंद ठेवले जात होते. एका घरात ग्रीक राजा, दुसऱ्या घरात भुंगा, आणि शाळेच्या हजेरीत दोघेही 'मिलिंद, हजर!' नाव ऐकून कोण कुठला ते कळेनासं झालं. एखाद्या नावानं याहून मोठं काम काय करायचं?

"माझ्या पोराला त्याचे दोस्त मिल्या म्हणतात," निघताना गुरुजी म्हणाले. "मला पहिल्यांदा राग आला. मग मी बघितलं. तो पण त्यांना पक्या, सुन्या म्हणत होता. मग म्हटलं, चालू दे."

परतीच्या वाटेवर गाडीत कुणीच गाणी लावली नाहीत. माणगावच्या आसपास मित्राची बायको म्हणाली, "आपण आजीला उगाच बोललो." मग थोड्या वेळानं, "पण त्या गुरुजींच्या आज्याला कुणी बोलायलाच दिलं नाही."

मला वाटतं, नावाच्या बिघडण्याबद्दलचा सगळा हिशेब गुरुजींच्या त्या शेवटच्या वाक्यात आहे. नाव तोडलं, वाकवलं, चुकीचं म्हटलं, यानं अपमान होत नाही. उलट हाक मारता येत नसेल तर होतो. आजी 'रायब्या' म्हणते. तो उद्या बोलायला लागल्यावर 'ए आजे' म्हणून तिच्या पदराला लोंबकळणार आहे, आणि तिला ते अमृतासारखं लागणार आहे. हिशेब बरोबर. दोस्त 'पक्या' म्हणतो, आपण 'सुन्या' म्हणतो. हिशेब बरोबर. पण ऑफिसातल्या चहावाल्याला आपण 'ए छोटू' म्हणतो आणि तो आपल्याला 'सर' म्हणतो. सोसायटीच्या वॉचमनचं आडनाव सोडा, नाव तरी आपल्याला माहीत आहे का? तिथे आपण नेमके कोण असतो, हे ज्यानं त्यानं आपापल्या लिफ्टमध्ये ठरवावं.

आणि तोच नियम वरच्या दिशेनंही लावा. क्लाएंटचं नाव श्मिट असो की मॅकग्रेगर, पहिल्या कॉलच्या आधी आपण यूट्यूबवर तीन वेळा ऐकून पाठ करतो. फ्रेंच मॅनेजरच्या नावातला शेवटचा 'टी' म्हणायचा नसतो, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण आपलं नाव सांगताना आपणच म्हणतो, "यू कॅन कॉल मी सॅम." समीर तीन अक्षरांचाच तर आहे! 'क्लाएंटला म्हणता येईल का?' हा कॉलम आपण स्वतःहून शीटमध्ये घालतो. कुणी मागितलेला नसतो.

ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे, त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नावासाठी घाई करायची गरज नाही. नाव न घालताही नोंद होते आणि १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. दुसरं, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखला हाच मुख्य कागद झालाय. त्यामुळे स्पेलिंग एकदाच, नीट विचार करून ठरवा. जास्तीचा ए न्यूमरॉलॉजीसाठी घालणार असाल तर तो पुढची ऐंशी वर्षं बँकेत समजावून सांगायची तयारी ठेवा. तिसरं, महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणजे आईचं नावही आता बाळाच्या नावासोबत आयुष्यभर चालणार. त्याचंही स्पेलिंग तपासा. आणि चौथं, नाव कागदावर लिहिण्याआधी मोठ्यानं हाक मारून बघा. गॅलरीतून. खाली खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवतोय अशी. जे नाव दोन मजले खाली ऐकू जात नाही, ते इन्स्टाग्रामवर कितीही गोड दिसलं तरी उपयोगाचं नाही.

रायबा ऐकू जातो. आम्ही ठाण्यात बाराव्या मजल्यावरून ट्राय केलंय.

दाखल्यावर अखेर आर-ए-वाय-बी-ए गेलं. बारशानंतरच्या सोमवारच्या क्लाएंट कॉलवर मॅनेजरनं नेहमीप्रमाणे विचारलं, "हाऊ इज लिटल रेबा?" एरवी मित्र "गुड, गुड" म्हणून पुढच्या स्लाइडवर गेला असता. त्या दिवशी थांबला. म्हणाला, त्याचं नाव रायबा आहे. राय, बा. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तो माणूस म्हणाला, सॉरी, परत एकदा सांग. मित्रानं सांगितलं. त्यानं म्हटलं, 'रायबा'. पुन्हा म्हटलं, 'रायबा'. तिसऱ्या वेळी असं अचूक म्हटलं की उमरठच्या कुठल्याही माणसानं ओ दिली असती. एकूण वेळ, चाळीस सेकंद. तीन महिने आम्ही हे चाळीस सेकंद वाचवत होतो.

रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल आला. पुतण्यानं टेकडीवर नेऊन रेंज पकडून दिली होती. स्क्रीनवर अर्धं कपाळ आणि वर आभाळ. सुनेनं बाळाला मोबाइलसमोर धरलं आणि आजीनं काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाली,

"बघ रे रायब्या, कोण आलंय!"

बाळ त्या कपाळाकडे बघून खुदकन हसलं.